देवाच्या गाडीचं तेल

आमच्या घरात तेलाची पिंपं भरलेली असायची आणि तळण मात्र दिवाळीलाही जेमतेम व्हायचं. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं तेच आहे. इंदापुरात बाजारपेठेच्या मागच्या अंगाला आमचं तीन खोल्यांचं घर आणि त्याला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मिनीबस उभी राहायची आणि तिच्या मागे भिंतीला धरून निळी पिंपं. पिंपांतलं तेल दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं असे. एसटी स्टँडवरच्या भज्यांच्या गाड्यावरचं, फरसाणाच्या दुकानातलं, हायवेच्या हॉटेलांतलं. ते गाळून तात्या बसच्या टाकीत ओतत आणि त्यावर बस चालवत. सहली, लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनं, सगळं त्या तेलावर. आम्हाला त्या वासाचा इतका वीट आला होता की आईनं सणाला कढई चढवली तरी कुणी खुशीनं हात घालत नसे. आमचं जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, ठेचा, नाहीतर दाण्याची आमटी. कॉलेजातल्या मैत्रिणींना मात्र वाटायचं, हिच्याकडे रोज भजी असतात. तसं वाटायला कारण माझ्या कपड्यांचा वास होता.

तात्यांना एकच वेड होतं, ॲव्हरेजचं. आमच्या भागात कुणी गाडी घेतली की किंमत नंतर विचारतात, आधी विचारतात, "ॲव्हरेज किती देती?" पण इतरांचा तो प्रश्न विचारून संपतो, तात्यांचा संपत नसे. गाडी उताराला लागली की ते न्यूट्रलला टाकत आणि असे समाधानानं मागे टेकत की जणू रस्ता त्यांना फुकट मिळाला आहे. टायरमधली हवा रोज सकाळी बघत. टपावरचं कॅरिअर त्यांनी काढून ठेवलं होतं, कारण त्याला वारा अडतो. एकदा भजनाच्या बायकांना त्यांनी हात जोडून सांगितलं की पितळी समई घरी ठेवा, देवाकडे दिवा असतोच. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव ॲव्हरेजतात्या पडलं. पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा. तात्यांना त्यात काही वाईट वाटत नसे. मला वाटायचं. आईला माझ्याहून जास्त वाटायचं, पण ती बोलत नसे.

तेलाच्या आधी त्यांनी करंजाच्या झाडाच्या बिया वेचून बघितल्या होत्या. पोतंभर बिया घाण्यावर नेऊन काढलेलं ते कडू तेल डिझेलमध्ये मिसळलं, तेव्हा एका वऱ्हाडातला नवरदेव मंडपात पोचेपर्यंत खोकत होता आणि त्याचे डोळे असे लाल झाले होते की नवरीकडच्यांनी चौकशी केली. मग सोमेश्वरनगरकडे उसाचा ट्रॅक्टर चालवणारा कुणी ओळखीचा त्यांना म्हणाला, की अडीनडीला मी खायच्या तेलावर इंजिन ओढलंय. तेवढं वाक्य तात्यांना पुरलं. त्यांनी बसला दुसरी टाकी बसवली, मध्ये एक तोटी लावली. गाडी सुरू करायची डिझेलवर, इंजिन तापलं की तोटी फिरवून तेलावर घ्यायची, आणि मुक्कामाच्या आधी पुन्हा डिझेलवर आणून मगच बंद करायची, नाहीतर गार तेल नळ्यांत घट्ट होऊन बसतं. इंजिनाच्या गरम पाण्याची नळी त्यांनी तेलाच्या टाकीतून फिरवून आणली होती, थंडीत तेल पातळ राहावं म्हणून. हे सगळं जमलं, ते जुनं इंजिन ते तेल निमूट प्यायचं, आणि तात्या इतके खूश झाले की शाळांच्या सहलींचं भाडं त्यांनी कमी करून टाकलं. लोक म्हणाले, बघा, फुकटच्या तेलावर चालवतोय म्हणून स्वस्त देतोय, आणि घासाघीस करून ते आणखी कमी करून घेतलं.

संध्याकाळी जेवणं झाली की तेल गाळायचं काम. आईची जुनी नऊवारी लुगडी चौपदरी करून पिंपाच्या तोंडावर ताणून बांधायची, वर डबा उपडा करायचा, आणि मग ते तेल आपल्या सवडीनं उतरायचं. टप, टप. अभ्यास करताना, आईशी बोलताना, अंथरुणात पडल्यावर, तो आवाज पत्र्याच्या पलीकडून येतच असे. खाली राहिलेला गाळ, भज्यांचा चुरा, जळकी मिरची, हे सकाळी बंब पेटवायला कामी यायचं. त्यामुळे आमच्या आंघोळीच्या पाण्यालाही तो वास. मी साबण कितीही घासला तरी वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारायचं, आज कांदाभजी का बटाटा. मी हसून दाखवायचे. तात्या मला कधी कॉलेजला सोडायला निघाले तर मी कोपऱ्यावरच उतरायचे आणि सांगायचे की इथून मैत्रिणीबरोबर जाते. मैत्रीण वगैरे कुणी नसे.

आता माझ्या मुलाची गाडी सीएनजीवर चालते, शेजाऱ्यांची विजेवर. पंपावर पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळलेलं असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. परवा एका हॉटेलापुढे टेम्पो उभा होता, त्यावर छान हिरव्या अक्षरात लिहिलेलं, की आम्ही वापरलेलं तेल गोळा करून त्याचं इंधन करतो. तरुण पोरं टी-शर्ट घालून डबे उचलत होती. ते बघून मला तात्यांचा अभिमान वाटायला हवा होता. पण माझी मान आधी खाली गेली, सवयीनं.

आईचं नाव पद्मा. पण गावात ती ॲव्हरेजतात्याची बायको होती. किराणा दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तिची ओळख तशीच करून दिली जायची आणि मागोमाग कुणीतरी हसायचं. एकाच ठिकाणी तिला पद्माबाई म्हणत, ते म्हणजे बायकांचं भजनी मंडळ. तिचा गळा फार गोड होता. पेटीवर दुसरीच कुणी बसायची, पण अभंग उचलायचा तो आईनं, आणि तिनं उचलल्याशिवाय बाकीच्या तोंड उघडत नसत. मंडळाच्या दिवशी ती दुपारपासून वेगळी दिसायची. लुगडं इस्त्री केल्यासारखं चापूनचोपून, केसांत एखादं फूल, आणि निघताना ती स्वतःच्या बाहीचा वास घेऊन बघायची. ते बघून मी दुसरीकडे बघायचे. मंडळात शब्द चालायचा शांताकाकूंचा. आमच्या आळीच्या टोकाला त्यांचं घर, माणूस सरळ, पण देवाधर्मात जरा कडक. तात्यांच्या बसनं देवदर्शनाला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी आईलाच विचारलं होतं, की असल्या तेलावर देवाला जायचं का. आईनं शब्द दिला, की देवाच्या गाडीत मी स्वतः बघून तेल घालीन, फक्त शाकाहारी दुकानांतलं. शांताकाकूंनी तिच्या शब्दावर होकार दिला. तात्यांचा शब्द कुणी मागितलाच नव्हता.

आईनं तो शब्द पाळायला घरात एक रीत घातली. भिगवणच्या मच्छीच्या हॉटेलांतलं तेल एका पिंपात, ते लग्नाला आणि सहलींना. भज्यांचं आणि फरसाणाचं तेल दुसऱ्या पिंपात, आणि त्या पिंपावर कुंकवाचं बोट. ते देवाच्या गाडीचं पिंप. तात्या म्हणायचे, गाळल्यावर तेल ते तेलच, इंजिनाला काय कळतंय. पण आईनं त्यांना त्या पिंपाला हात लावू दिला नाही. देवदर्शनाचं भाडं असलं की सोबत न्यायचा डबा तीच भरायची, पदर नाकाला गच्च बांधून. तात्यांचं नाक तर त्या धंद्यात कधीच मेलं होतं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी शेडच्या भिंतीला चुना लावायचा म्हणून सगळं सामान अंगणात काढलं. पिंपं घासली, उन्हात ठेवली, पुन्हा आत लावली. घासताना कुंकू गेलं. मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी जे जे कामाला येतं त्याची पूजा होते, आणि आई पूजेला बसली की तिला कशाचं भान राहत नसे. बसला झेंडूची माळ घातली. चाकांना, स्टिअरिंगला, जॅकला, पान्यांना, नरसाळ्याला तिनं हळदीकुंकू वाहिलं, गाळायच्या फडक्यालासुद्धा वाहिलं, आणि तशीच पुढे सरकत भिंतीशी असलेल्या पिंपांना एकेक बोट लावत गेली. सगळ्यांना. मी ताट धरून होते. पूजा फार सुरेख दिसत होती, एवढंच माझ्या मनात आलं. वर्षभर आम्हाला पोसणाऱ्या वस्तूंमध्ये देवाची कुठली आणि लग्नाची कुठली असा भेद त्या घडीला तिच्या बोटानं केला नाही.

कोजागिरीनंतरच्या संकष्टीला मंडळ मोरगावला निघालं. सगळ्यांना उपास. मला सुट्टी होती म्हणून टाळ वाजवायला मलाही घेतलं होतं. आईनं पहाटे डबा भरला, पिंपावरचं कुंकू बघून भरला. इंदापूरहून बारामतीपर्यंत टाकीत होतं ते भज्यांचं तेल पुरलं. बायका गात होत्या, आई मधोमध बसून अभंग उचलत होती, तात्यांनी उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकली आणि शांताकाकूसुद्धा त्यावर हसल्या. बारामतीत चहासाठी थांबलो, तात्यांनी टाकीत डबा ओतला, आणि आम्ही मोरगावच्या रस्त्याला लागलो.

वास आधी आला तेव्हा बायकांनी बाहेर बघितलं. एखाद्या वस्तीवर कुणी मासे तळत असेल. वस्ती मागे गेली, माळ आला, वास तिथंच. एकजण म्हणाली, चतुर्थीच्या दिवशी तरी लोकांनी पाळावं. लोणी भापकरच्या फाट्याच्या आसपास गाडी जरा हळू झाली तसा धूर मागच्या खिडक्यांतून आत आला आणि अख्ख्या गाडीत हळद-मीठ-मसाला लावून खरपूस तळलेल्या चिलापी माशाचा वास पसरला. काही बायकांनी तोंडाला पदर लावला. रिकाम्या पोटी एकीला मळमळलं आणि गाडी थांबवावी लागली. भजन कधी बंद पडलं ते कळलंच नाही. आई एकटी अजून टाळी देत होती, हळू हळू, आणि मग तिचा हात थांबला. तिच्या तोंडाकडे मी बघितलं. तिला तेव्हाच कळलं होतं असं मला वाटतं. माझी मान खाली गेली, पण खरं सांगायचं तर आईसाठी नाही. बाहेरून जाणारे लोक आमच्या बसकडे बघत होते, म्हणून.

तात्यांनी तोटी डिझेलवर फिरवली, पण नळीतलं जळून जायला वेळ लागतो. देवळाच्या अलीकडे गाडी उभी केली तेव्हाही मागून तोच धूर. दुर्वा विकणारी बाई फडकं हलवत आली आणि म्हणाली, देवाच्या दारात हे काय आणलंय तुमी. बायका खाली उतरल्या. तात्यांनी मागचं दार उघडून रिकामा डबा बाहेर काढला, झाकण काढून त्यात अगदी नाक घातलं. मग त्यांनी आईकडे बघितलं. आई गाडीच्या पायरीशी उभी होती, एक हात कांबीला धरून. शांताकाकू पुढे आल्या.

"तात्या, देवापुढं उभं हाय आपण. काय घातलंय ह्यात?"

"मच्छीच्या हाटेलातलं तेल," तात्या म्हणाले. "मीच घातलं. चांगलं तेल कमी पडाय लागलं हुतं, म्हटलं कुणाला कळतंय."

"पद्माला ठावं हुतं?"

"तिला कुठलं ठावं. तिनं भरलेला डबा म्या वाटंत बदलला."

हे ते इतक्या सहज बोलले की क्षणभर मलाही खरं वाटलं. शांताकाकूंच्या तोंडावर राग नव्हता, किळस होती, आणि ती मी अजून विसरलेले नाही. कुणीतरी म्हणालं, ॲव्हरेजसाठी देव बाटवला. कुणी म्हणालं, ह्याच्या बायकोच्या शब्दावर आपण गाडीत बसलो. बायकांनी नळावर हातपाय धुतले, चुळा भरल्या, आणि मग दर्शन घ्यावं की नाही यावर बराच खल झाला. शेवटी एक म्हातारी म्हणाली, देवाला सगळं कळतंय, चला. शांताकाकूंनी आईचा हात धरला. आईनं एकदा मागे वळून तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान किंचित हलवली, जा म्हणून. ती गेली. त्या सगळ्या परत एसटीनं येणार होत्या, आईलाही त्यांनी सोबत घेतलं. मला टाळ गोळा करून आणायला बसजवळ ठेवलं होतं, आणि मग कुणाला माझी आठवण राहिली नाही.

म्हणून परतीच्या वाटेला त्या रिकाम्या बसमध्ये मी आणि तात्या दोघंच होतो. ओळीनं रिकाम्या सीटा, एका सीटवर कुणाचा तरी राहिलेला रुमाल. मी मागे बसले होते, त्यांनी पुढे बोलावलं. मग मी विचारलं, की तुम्ही खोटं का बोललात, पिंपांवर कुंकू कुणी लावलं ते मी बघितलंय.

"तू बघितलंस ते तुझ्यापाशी ठेव," ते म्हणाले. "सुमे, माझं नाव आधीच गेल्यालं हाय. गेल्याल्या नावाचं अजून काय जाणार? तिला त्या मंडळाबिगर दुसरं काय हाय सांग बरं."

बारामती आली तशी मी ओढणी तोंडावरून घेतली आणि सीटवर खाली सरकले, कारण बारामतीत राहणाऱ्या आमच्या कॉलेजच्या दोघी-तिघी स्टँडवर नेहमी असायच्या. तात्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी गाडी जरा जोरात काढली. ॲव्हरेज जाईल म्हणून ते कधीच जोरात चालवत नसत. गाव मागे पडल्यावर उतार आला आणि तशातही त्यांचा हात आपोआप गिअरवर गेला. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

बातमी आमच्या आधी इंदापुरात पोचली होती. पुढच्या आठवडाभरात शाळेची सहल रद्द झाली, मंडळाची दिवाळीनंतरची अष्टविनायक यात्रा दुसऱ्या गाडीला गेली, आणि लग्नवाले, ज्यांना माशाच्या तेलाचं काहीच वावडं नव्हतं, तेसुद्धा नको म्हणाले. पोरं बसमागून नाक धरून पळायची. उसाचा हंगाम सुरू होत होता, तशी तात्यांनी बस सोमेश्वरनगरला नेली आणि कारखान्याच्या कामगारांची ने-आण करू लागले, तिथंच एका खोलीत राहून. तेलाचा नाद त्यांनी सोडला. पिंपं देऊन टाकली. शेड रिकामी झाली आणि रात्रीची टपटप थांबली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. ती शांतता मला सहन होत नव्हती.

आई महिनाभर नीट जेवली नाही. मंडळात जात होती, पण घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून बसायची. पुढच्या संकष्टीला मंडळाच्या बायका नव्या भाड्याच्या गाडीतून आमच्या दाराशी आल्या. आई तयार होऊन बाहेर आली, गाडीच्या दारापाशी गेली आणि चढलीच नाही. तिथंच उभी राहून तिनं सगळ्यांना सांगितलं. पिंपांना कुंकू मी लावलं. डबा मी भरला. ह्यांचा दोष न्हाय, चूक माझी हाय. एकही शब्द तिनं गाळला नाही. मी दारात उभी होते आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आता सगळं नीट होणार असं वाटलं.

मग शांताकाकू खाली उतरल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी आईला जवळ घेतलं.

"पद्मा, अगं किती करशील त्या माणसासाठी? त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, देवाच्या दारात."

आई म्हणाली, न्हाय, खरंच. शांताकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आतल्या बायका डोळे पुसत होत्या. एक म्हणाली, असली बायको मिळाया पुण्य लागतं, अन मिळाली बघा कुणाला. आईनं माझ्याकडे बघितलं, की तू तरी सांग. मी पुढे झाले आणि म्हणाले, काकू, मी बघितलंय, ताट माझ्या हातात होतं. शांताकाकूंनी माझ्याकडे मायेनं बघितलं आणि म्हणाल्या, लेकरालाबी शिकवलंय. मग त्यांनी आईला हाताला धरून गाडीत चढवलं, मधोमध बसवलं, आणि गाडी गेली. तोपर्यंत मला वाटायचं लाज म्हणजे लोक हसतात ती. लोक कौतुक करत असताना आईचं तोंड कसं झालं होतं ते त्या दिवशी बघितलं.

आई ऐकणाऱ्यातली नव्हती. तिनं दोन-तीनदा पुन्हा सांगितलं. दर वेळी मंडळात तिचा मान वाढला. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं सगळ्या आळीतल्या बायकांपुढे सांगितलं, तेव्हा त्यांनी तिची ओटी भरली, तिला मंडळाची प्रमुख केलं, आणि शांताकाकूंनी स्वतः तिच्या पायाला हात लावला. तात्या तेव्हा एक दिवसासाठी घरी आले होते. बायका गेल्यावर आई ओटीतले तांदूळ सोडवत बसली होती आणि तात्या चुलीपाशी भाकरीची वाट बघत होते. ते अगदी हळू बोलले.

"पद्मे, आता बास कर. तू सांगतीस तेवढ्या बारीला त्यांस्नी वाटतंय, म्याच तुला शिकवून पाठिवलंय. आधी मी नुसता चिंगूस हुतो. आता बायकोला फुडं करणारा झालोय."

आईनं तांदूळ खाली ठेवले. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, मंडळात नाही आणि घरातही नाही. मंडळ मात्र तिनं सोडलं नाही, सोडलं असतं तर त्याचाही दोष तात्यांवरच आला असता. हंगाम संपला की तात्या घरी येत, हंगाम लागला की जात. गावात त्यांना कुणी वाईट वागवलं असं नाही. चहा पाजत, हसून बोलत. पण देवाच्या कामाला, लग्नाच्या बोलणीला, पंचांत, कुठंच कुणी त्यांना बोलावलं नाही, आणि ते न बोलावता गेले नाहीत. आई त्यांच्या ताटात पहिली भाकरी वाढायची, ती शेवटपर्यंत. गाताना ती पूर्वी मान वर करायची, ती नंतर कधी केली नाही. लोकांना ते नम्रपणाचं वाटलं.

गेल्या वर्षी आई गेली. तेराव्याला सगळं मंडळ आलं, म्हातारं झालेलं, काठ्या टेकत. शांताकाकूंना आता दिसतं कमी, पण आवाज तसाच आहे. तात्यांना ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं होतं. पंगत उठल्यावर काकूंनी माझ्या सुनेला आणि नातवंडांना जवळ बसवलं आणि त्यांची पणजी केवढी थोर होती ते सांगायला सुरुवात केली. मोरगावची सगळी गोष्ट. नवऱ्यानं पाप केलं आणि ह्या माउलीनं ते भर रस्त्यात स्वतःच्या अंगावर घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं, पण आमी काय तसं होऊ दिलं नाही. नातवंडं वळून तात्यांकडे बघू लागली. माझ्या हातात पाण्याचा जग होता. आता बोलावं असं माझ्या अगदी जिभेवर आलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली, त्या दिवशी देवळापुढे आईला हलवली होती तशी, पण ह्या वेळी नको म्हणून.

"खरं हाय का न्हाय, तात्या?" काकूंनी विचारलं.

"व्हय," तात्या म्हणाले. "लई मोठ्या मनाची हुती."

काकू सावकाश उठल्या, चाचपडत खुर्चीपाशी गेल्या आणि त्यांनी तात्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, झालं गेलं गंगेला मिळालं, पद्माकडं बघून तुम्हाला माफ केलं आमी. तात्यांनी दोन्ही हात जोडले. मी नातवंडांना पाणी द्यायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.